पाच ठिपक्यांचा जबाब

आर्णी, २६ नोव्हेंबर २०२४

सौ. बबिता लखन आडे यांस,

तुमची मुलगी अर्पिता हिला काल दुपारी शाळेतून यवतमाळला नेलं, ते माझ्या फोनमुळे. तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवतात, असं मला सांगण्यात आलं. मला लपून राहायचं नाही. हे नाव तुम्हाला गावातल्या दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिते आहे.

मी उज्ज्वला गावंडे. आर्णीच्या हायस्कूलात बत्तीस वर्षं नोकरी केली, शेवटची आठ वर्षं मुख्याध्यापिका होते. निवृत्तीनंतर सोमवारी आणि गुरुवारी तुमच्या तांड्याजवळच्या शाळेत पहिली-दुसरीच्या मुलांना वाचायला शिकवते. तुम्ही मला येता-जाता पाहिलं असेल. आपण कधी बोललो नाही.

काल अर्पिता सतरंजीवर नीट बसेना. फ्रॉक वर करून पाहिला तेव्हा बेंबीभोवती पाच गोल जखमा दिसल्या, काळ्या पडलेल्या, दोन पिकलेल्या. कोणी केलं असं विचारलं तर म्हणाली, "सांगितलं तर याडी रागावते." तुमच्या घरात आईला याडी म्हणतात हे मला माहीत आहे. मी तिथल्या तिथे मुलांच्या मदतीसाठी असलेल्या १०९८ क्रमांकावर फोन लावला. लेखी जबाबही दिला: वडिलांनी बिडीने दिलेले चटके.

आता तुमच्या कामाचं. अर्पिताला आधी दवाखान्यात दाखवून मुलींच्या बालगृहात ठेवलं आहे. बालकल्याण समितीसमोर तुमचं म्हणणं मांडण्याचा तुम्हाला हक्क आहे. आदेशाची प्रत मागा. वाचल्याशिवाय सही करू नका. वकील फुकट मिळतो, तोही मागा. मुलीला भेटण्याची परवानगी लगेच मागा, लाजू नका.

चौकशी चालू असताना मी तुमच्या घरी येऊ नये अशी सूचना आहे. शिवाय तुमच्या तांड्याचे प्रमुख देवसिंग नाईक यांनी, बाईंनी तांड्यात पाय ठेवू नये, असा निरोप धाडला आहे. उत्तर द्यायचं असेल तर शाळेत खिचडी करणाऱ्या इंदूबाईंकडे द्या. त्या वाचणार नाहीत. त्यांचा चष्मा फुटला आहे.

उज्ज्वला गावंडे


धावजी नाईक तांडा, १ डिसेंबर

बाई,

तुमचं पत्र दोन दिवस चुलीमागं ठेवलं होतं. जाळून टाकावं वाटलं. पण पोट्टी कुठं हाय आणि तिले कसं भेटायचं हे त्यातच लिहिलं होतं, म्हणून ठेवलं. मी दहावी पास हाओ. मले वाचता येते आणि लिहिता बी येते.

आम्ही कापूस वेचायले गेलतो. वावरात येऊन सांगितलं की पोरीले गाडीत बसवून नेलं. मी तशीच पळाली, ओटीत कापूस तसाच. शाळेत पोहोचली तं कोणी नव्हतं, नुसती सतरंजी घडी करून ठेवलेली. दुसऱ्या दिवशी तिच्या बाबाले ठाण्यात नेलं. सकाळपासून दिवस बुडेपर्यंत बाकावर बसवलं, फोन ठेवून घेतला. आता तांड्यातलं लहान पोट्टं बी त्यायले बिडी दाखवून हसते.

ते बिडी पितात. पण ते चटके नाहीत बाई, तो बिबा हाय. चार दिवस तिचं पोट दुखत होतं म्हणून सासूनं, सुखीबाईनं, बिबा तापवून लावला. सुखीबाईनं तांड्यातल्या अर्ध्या लेकरायले लावला असंन. कोणाचं लेकरू सरकारनं नेलं नाही. या वेळी तो उतला, कातडी फुटली, ते आमचं नशीब.

परवा भेटू दिलं. अर्धा तास, एक मॅडम बाजूले बसून. तिचे केस कापले हायत. उवा होत्या म्हणे. तिच्या उवा मी रोज मांडीवर घेऊन काढत होती. केस कापताना कोणाले विचारलं? आंगावर फ्रॉक बी दुसऱ्याच कोणाचा. मले म्हणली, घरी कधी जायचं. मी म्हटलं उद्या.

तुम्ही शिकवता ना बाई. मंग सांगा, उद्या किती दिवसांचा असते?

बबिता


आर्णी, ५ डिसेंबर

सौ. बबिता यांस,

तुमचा उद्या किती दिवसांचा, हे समिती ठरवणार.

बाकीच्याचं उत्तर मी देते. तुमचं पत्र वाचून मी आमच्या इथल्या एका जुन्या डॉक्टरांकडे गेले. जखमांचं वर्णन केलं. त्यांनी अर्ध्यातच थांबवलं आणि बिब्याचं नाव घेतलं. परत शाळेत आले तर इंदूबाई तांदूळ धूत होत्या. त्यांना सांगितलं. त्या हात थांबवून म्हणाल्या, "बाई, तुमी कोण्या गावच्या? तुमच्या सोताच्या गुडघ्यावर काय हाय मंग?"

माझ्या डाव्या गुडघ्यावर तीन काळे डाग आहेत; मलम लावताना त्यांनी ते पाहिले होते. मी आठ वर्षांची असताना गुडघा सुजला होता, आईने बिबा लावला होता. साठ वर्षं आंघोळ करताना ते डाग मी पाहते आहे. तरीही तुमच्या मुलीच्या पोटावर मला बिडी दिसली.

मी पाहिल्या त्या पाच जखमा. बिडी मी पाहिली नव्हती, वडिलांना चटके देताना तर नाहीच. पाहिलेलं वेगळं लिहा आणि वाटलेलं वेगळं, हे मी मुलांना प्रयोगवहीत बत्तीस वर्षं लाल शाईने लिहून दिलं. सोमवारी यवतमाळला जाऊन जबाब दुरुस्त करून देणार आहे. तुमच्या यजमानांना ठाण्यात बसावं लागलं, त्याचा दोष माझ्याकडे येतो. त्यांना हे वाचून दाखवा.

फोन केला याची मात्र मला खंत नाही. दोन जखमांत पू होता आणि मुलगी घाबरलेली होती. औषध म्हणून केलेली जखमही जखमच.

म्हणून दोन प्रश्न. चार दिवस पोट दुखत होतं तर दवाखान्यात का नेलं नाही? आणि "सांगू नको" असं तिला कोणी सांगितलं? समिती हेच विचारणार आहे. उत्तराची तयारी करायला नव्हे, तर उत्तर आठवायला वेळ मिळावा म्हणून आधी विचारते.

उ. गावंडे


तांडा, १२ डिसेंबर

बाई,

तुमचं पत्र त्यायले वाचून दाखवलं.  पुन्हा एकदा वाच म्हणाले.

पोलिसांनी त्यायचा फोन परत दिला. आता बोलावणार नाही म्हणतात.

दवाखान्याचं विचारलं. उपकेंद्रात गेलती मी, दोन डाव. कुलूप होतं, सिस्टर डोस द्यायले दुसऱ्या गावी गेलती. आर्णीले न्यायचं तं दोघायपैकी एकाची वेचणी बुडते. रविवारी नेऊ म्हणलं होतं. रविवारच्या आधी बिबा लावला, आणि पोट थांबलं बी. मंग कायले नेतो?

समितीनं धाडलेल्या अधिकारी मॅडम घरी येऊन गेल्या. पिठाचा डबा उघडून पाहिला, न्हाणी पाहिली, पोरीचं दप्तर पाहिलं, शेजारच्या चार घरी विचारलं. लग्न जमवायले आलते तेव्हा बी कोणी एवढं घर पाहिलं नव्हतं. शेवटी चहा पेल्या. देवसिंग नाईक म्हणाले, चहा पेल्या म्हणजे काम होते.

नाईकांनीच सांगितलं की म्हातारीले लेकीकडं धाडा, मंग पोट्टी घरी येते. सासू महागावले गेली. एका शब्दानं भांडली नाही. गोधडी घेतली अन् एसटीत बसली.

सत्तावीस तारखेले समितीसमोर जायचं हाय. बाई, एक काम करा. एका कागदावर लिहून द्या की सुखीबाईनं बिबा लावला, तिनंच सांगू नको म्हणलं, अन् ती आता त्या घरात राहत नाही. तुमच्या सहीले वजन हाय. जे बिघडलं ते तुमच्याच सहीनं बिघडलं, तं नीट बी तिनंच होईन.

बबिता


आर्णी, १८ डिसेंबर

सौ. बबिता यांस,

जबाब दुरुस्त करून दिला. प्रत सोबत जोडली आहे, वाचून जपून ठेवा.

तुम्ही मागता त्या कागदावर सही करण्यापूर्वी मला सुखीबाईंना भेटणं भाग होतं. काल महागावला जाऊन आले. त्यांनी मला ओट्यावर बसवलं, नको म्हणत असता चहा केला. कप हातात देईपर्यंत अर्धा बशीत होता. दोन्ही हात कापतात. त्यांची लेक म्हणाली, दोन वर्षं झाली, आईला सुईत दोरा ओवता येत नाही, भाकरी ती थापत नाही.

बिबा कसा लावता, असं मी विचारलं. त्यांनी सगळं बरोबर सांगितलं: दाभणाला टोचायचा, दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की टेकवायचा आणि लगेच उचलायचा. अर्पिताला कोणत्या दिवशी लावला, असं विचारल्यावर त्या पदर सारखा करत राहिल्या. मग त्यांनीच मला विचारलं, "कागदावर माह्यं नाव लिवलं ना बाई? पुरं लिवलं ना, नवऱ्याच्या नावासकट?"

ज्या आरोपाने घर सुटलं त्यात आपलं नाव पक्कं आहे ना, याची काळजी करणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं.

अर्पिताच्या पोटावरचे पाच ठिपके एका आकाराचे आहेत आणि एकमेकांपासून सारख्या अंतरावर आहेत. स्थिर हाताचं काम आहे ते.

तुम्ही मागितलेला कागद मी लिहून देणार नाही. एकदा न पाहिलेलं लिहिलं, दुसऱ्यांदा लिहिणार नाही. यापुढे मी काही विचारत नाही.

उ. गावंडे


तांडा, २३ डिसेंबर

बाई,

मी लावला.

ती पोट धरून गडबडा लोळत होती. उपकेंद्राचं कुलूप पाहून दुसऱ्यांदा घरी आली तेव्हा माह्याच्यानं पाहवलं नाही. सासू म्हणत होती की माहे हात चालत नाहीत, राहू दे, उद्या आर्णीले ने. मी ऐकलं नाही. मले माह्या आईनं लावला होता, माह्या भावायले लावला होता. तिचे हात धरायले सासूले सांगितलं. पाच ठिपके दिले. पाचव्याले ती ओरडायची थांबली अन् माह्याकडं पाहत राहिली. ते डोळे मले कापूस वेचताना दिसतात, चूल पेटवताना दिसतात.

तिसऱ्या दिवशी तो उतला. ते पाहून मी घाबरली. शाळेत कोणाले दाखवू नको, सांगशीन तं मारीन, असं मीच म्हणली. मारलं नसतं. पण म्हणली.

गाडी येऊन गेली त्या दिवशी सासूनं सांगितलं, "मायवर येऊ देजो नको. मायनं केलं म्हटलं तं पोर परत देत नाहीत. माह्यावर येऊ दे. मले काय करतीन?" तिच्या लेकाले बी माहीत नाही. त्यायले वाटते त्यायच्या आईनंच केलं. आता ते आईचं नाव घेत नाहीत, अन् मी त्यायले भाकर वाढतो.

सत्तावीस तारीख चार दिवसांवर हाय. हे सांगितलं तं पोरगी जाते. नाही सांगितलं तं म्हातारी जाते. हे पत्र आता तुमच्या हाती हाय. ठेवा, नाही तं जाळा, नाही तं समितीले नेऊन द्या. तुमाले जे बरोबर वाटते ते तुम्ही करताच.

बबिता


आर्णी, २४ डिसेंबर

बबिता,

तुझं पत्र सोबत परत पाठवते आहे. प्रत काढलेली नाही.

ते नेऊन द्यावं म्हणून सकाळपासून तीनदा पाकिटात घातलं आणि तीनदा बाहेर काढलं. दिलं तर दुसऱ्यांदा तुझ्या घराचा निकाल तुला न विचारता माझ्या हाताने लागेल. ठेवून घेऊन गप्प राहिले तर समितीने विचारल्यावर मला खोटं बोलावं लागेल, आणि ते मी करणार नाही. म्हणून ज्याचं त्याला. समितीने मला विचारलं तर मला जे माहीत आहे ते मी सांगेन. त्याआधी ते तुझ्या तोंडून यावं असं मला वाटतं. पहिल्यांदा तुझ्या नवऱ्याला सांग, मग समितीला.

सगळं चांगलं होईल असं मी लिहिणार नाही. मला माहीत नाही. आईनेच लपवायला लावलं हे त्यांना आवडणार नाही, मलाही आवडलं नाही. पण म्हातारीला घालवून मिळालेली मुलगी घरी आली की पहिल्या दिवशी आजी कुठे आहे म्हणून विचारेल. तेव्हा तू काय सांगशील? पुन्हा "बोलू नको"?

एक गोष्ट मलाही सांगायची आहे. आमच्या गल्लीतल्या एखाद्या मुलीच्या पोटावर हे दिसलं असतं, तर मी आधी तिच्या आईला हाक मारली असती. शाळेपासून तुझं दार चारशे पावलांवर आहे. मी ती चाललेच नाही. तांडा म्हटल्यावर बिडी, दारू, मारझोड हे माझ्या मनात आधीच लिहून तयार होतं. चालून आले असते तरी फोन कदाचित करावाच लागला असता. पण तुझ्याशी बोलून केला असता.

शुक्रवारी अकरा वाजता मी तिथल्या व्हरांड्यात असेन.

उज्ज्वला गावंडे


तांडा, २९ डिसेंबर

बाई,

व्हरांड्यात तुम्ही बसल्या होत्या, पण आत काय झालं ते तुम्हाले माहीत नाही, म्हणून लिहितो.

मी सगळं सांगितलं. तुम्ही परत धाडलेलं माहं पत्र बी वाचून दाखवलं, कारण नुसतं बोलायले गेली तं आवाज निघेना. समितीनं विचारलं, नवऱ्याच्या दबावानं सांगून राह्यली का. मी म्हटलं, त्यायले कालच कळलं. मंग विचारलं, पुन्हा पोट दुखलं तं काय करशीन. मी म्हटलं दवाखाना. कुलूप असलं तं? मले उत्तर नाही सुचलं. एक मॅडम लिहीत होत्या, त्यायनं काय लिहिलं माहीत नाही.

पोर दिली नाही. दहा जानेवारी दिली. आणखी अहवाल पाहिजे म्हणतात, डॉक्टरचा, अन् मनाच्या डॉक्टरचा.

तिचे बाबा त्याच दिवशी महागावले गेले, आईच्या पायाशी बसून आले. माह्याशी बोलत नाहीत. देवसिंग नाईक म्हणतात, जुळलेलं काम हिनं मोडलं.

तुमचं ऐकून खरं बोलली. खरं बोलल्याची तारीख भेटली, पोरगी नाही भेटली.

बबिता


आर्णी, २ जानेवारी २०२५

बबिता,

राग बरोबर आहे. तरी हे पूर्ण वाच.

काल मला समितीकडून विचारणा झाली. मुलगी घरी पाठवायची तर पुढचे सहा महिने तिची तब्येत पाहून लेखी कळवणारं, तांड्याबाहेरचं कोणी हवं आहे. दुखलं-खुपलं तर त्याच दिवशी आर्णीच्या दवाखान्यात नेण्याची जबाबदारीही त्याच माणसाची. कुलपाचं उत्तर तुला सुचलं नाही असं तू लिहितेस; त्यांना ते बहुधा खोट्या उत्तरापेक्षा बरं वाटलं असावं. ही माझी समजूत आहे, माहिती नाही.

मी अजून होकार दिलेला नाही. हे काम मी घेतलं तर आठवड्यातून दोनदा तुझ्या दारात येणार. तुझ्या मुलीला ज्या बाईने न्यायला लावलं तीच बाई. तुला ते नको असेल तर तसं लिही, दुसरं नाव शोधू. मला राग येणार नाही. नाईकांशी मी बोलून घेते. तुझी परवानगी मात्र मला हवी, आणि ती लेखी हवी.

परवा अर्पिताला भेटले. जखमा भरल्या आहेत. डाग राहतील. पोटदुखीचं कारण जंत निघालं, औषध झालं आहे. तिने मला विचारलं, बाई, तुम्ही मला घ्यायला आल्या का? मी नाही म्हटलं. ती पाटी घेऊन आत निघून गेली.

उज्ज्वला गावंडे


तांडा, ४ जानेवारी

बाई,

या. पण येऊन फ्रॉक वर करून पाहायचं असंन तं आधी तिले विचारजा, मंग मले. दोघीनं हो म्हटलं तरच.

दहा तारखेले सासूले घेऊन येतो. तिच्या बाबानंच सांगितलं, आईले घेऊ म्हणून. माह्याशी बोललेलं आठ दिवसातलं पहिलं वाक्य.

बबिता लखन आडे


यवतमाळ, १० जानेवारी २०२५

सुपूर्द केल्याची नोंद
(समितीने नेमलेल्या देखरेखदाराने आदेशासोबत जोडण्यासाठी लिहिलेली. एक प्रत आईला, एक माझ्याकडे.)

आज दुपारी सव्वा दोन वाजता कुमारी अर्पिता लखन आडे, वय सहा वर्षे, हिला तिची आई सौ. बबिता लखन आडे यांच्या ताब्यात देण्यात आले. वजन सोळा किलो दोनशे ग्रॅम. दाखल करताना पंधरा किलो नऊशे. पोटावर पाच डाग, कोरडे. डाग पाहण्यापूर्वी मुलीला व आईला विचारले. दोघींनी होकार दिला.

मुलीबरोबर दिले: तिचा स्वतःचा फ्रॉक एक, जो आता दंडात घट्ट होतो, बालगृहाने दिलेले कपडे दोन जोड, मलम एक, अर्धे वापरलेले, जंताच्या गोळीची दुसरी मात्रा, पंधरा दिवसांनी द्यायची, तारीख पाकिटावर लिहिली आहे, डॉक्टरांचे कागद तीन, पाटी एक.

आईला दिले: आदेशाची प्रत, तिने सही करण्यापूर्वी पूर्ण वाचली, अकरा मिनिटे लागली, आर्णीच्या दवाखान्याचा आणि माझा फोन नंबर, तिचे दि. २३ डिसेंबरचे पत्र, जे समितीने पाहून परत केले.

समितीला दिले: माझा पहिला जबाब चुकीचा होता असे मान्य करणारे माझे निवेदन, सहीनिशी.

आजी सुखीबाई धरमसिंग आडे हजर होत्या. साक्षीदार म्हणून त्यांचा अंगठा घेतला. अंगठा स्थिर राहीना म्हणून मुलाने मनगट धरले. वडील लखन यांची सही.

नियमाप्रमाणे मुलीला विचारले: पुन्हा पोट दुखलं तर कोणाला सांगशील?

उत्तर: याडीले.

दुसरं कोणाला सांगशील का, असे मी पुन्हा विचारले.

उत्तर: याडीले.

उत्तर आहे तसे नोंदवले.

उज्ज्वला गावंडे
बबिता लखन आडे